‘पण लक्षांत कोण घेतो?’ आणि बहिणाबाईंची गाणी : तौलनिक विचार

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची कादंबरी व बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता यांतील समान आशयसूत्रांची तुलना. माहेर-सासर, वैधव्य आणि स्त्रीचे आत्मकथन ही त्यांतील मुख्य सूत्रे होत.

काळ : कादंबरी आपट्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. संमतिवयाच्या कायद्याचा (१८९१) वाद पेटला होता तो हाच काळ. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपात आली. प्रकाशनात सुमारे साठ वर्षांचे अंतर असले, तरी अनुभव जवळपास एकाच पिढीचा आहे. बहिणाबाईंचे लग्न तेराव्या वर्षी, म्हणजे कादंबरी पूर्ण होण्याच्या सुमारास झाले. तिशीत त्यांना वैधव्य आले.

वैधव्य : कादंबरीत पती रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर सासरचे शंकरमामंजी नायिका यमूचे बळजबरीने केशवपन करवतात. त्या धक्क्यातून ती सावरत नाही आणि लवकरच तिचा अंत होतो. बहिणाबाई कुंकवामागे उरलेले गोंदण पाहतात, बांगड्या फुटल्या तरी मनगटातली धमक शाबूत असल्याचे स्वतःला बजावतात आणि हात पाहायला आलेल्या ज्योतिषाला परत पाठवतात. यमूच्या कथेत वैधव्य हा शेवट ठरतो. बहिणाबाईंच्या कवितेत ते पदरी पोरे घेऊन कामाला लागण्याचे निमित्त ठरते.

माहेर-सासर : यमूचे सासर धाकाचे, मुंबईतल्या स्वतंत्र बिऱ्हाडात तिला मोकळा श्वास मिळतो. सासरी नांदणारी बाई माहेरचेच गोडवे का गाते, या प्रश्नावर बहिणाबाईंचे उत्तर असे, की आई सासरी टिकते ती लेकीला माहेर मिळावे म्हणून.

निवेदन : आपटे पुरुष असूनही यमूच्या तोंडून, घरगुती बोलीत आत्मकथन करवतात. निरक्षर बहिणाबाईंनी शेतात, जात्यावर काम करताना खानदेशी बोलीत रचलेली गाणी पुत्र सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवली.

मर्यादा : कादंबरी सुधारणेसाठी वाचकाला जाब विचारते, गाणे मुळात स्वतःसाठी होते. शिवाय केशवपनाची सक्ती मुख्यतः ब्राह्मण कुटुंबांत होती, तर शेतकरी घरात विधवेच्या श्रमावाचून संसार चालत नव्हता. त्यामुळे दोन्ही कृतींतील फरक काळाच्या प्रगतीपेक्षा जात, श्रम आणि साहित्यप्रकार यांच्या आधारे अधिक नीट उलगडतो.