जुन्या कॅमेऱ्यांची खिडकी आणि आपले अल्बम

हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतले साठ-सत्तरच्या दशकांतले अल्बम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एक गंमत दिसते. काही फोटोंत जवळ बसलेल्या माणसाच्या डोक्याचा वरचा भाग कापलेला असतो, मुंजीतल्या बटूची शेंडी तर हमखास. उलट अंगणात काढलेल्या ग्रुप फोटोत माणसे मधोमध गोळा झालेली आणि कडेला कुणाची सायकल, अर्धी म्हैस, शेजारच्या घराचे दार असा नको तो ऐवज. घरचे लोक याचे खापर फोटो काढणाऱ्या काकांवर फोडतात. आमच्या मते त्यातला बराच दोष काकांचा नव्हे, कॅमेऱ्यातल्या त्या इवल्याशा खिडकीचा, म्हणजे व्ह्यूफाइंडरचा आहे. आणि कडेच्या त्या ऐवजाला दोष म्हणावे का, हाही प्रश्नच आहे.

आमचे मंडळ गेल्या वर्षीपासून सभासदांच्या घरचे जुने फोटो गोळा करत आहे. त्या निमित्ताने आम्हा तिघा-चौघांच्या हाती फोटोंबरोबर सहा जुने कॅमेरेही आले. बहुतेकांचे शटर अडलेले, पण खिडकी मात्र सगळ्यांची शाबूत. ते टेबलावर मांडून आम्ही एकाच भिंतीकडे, एकाच अंतरावरून, एकेकातून पाहिले. हा लेख त्यातून झाला.

आधी हे कॅमेरे इथवर आले कसे ते सांगू. आपली बरीच मराठी कुटुंबे रेल्वे, कोर्टकचेरी, शाळा-कॉलेजे आणि व्यापार यांच्या निमित्ताने इथली झाली. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे धारवाडला होते आणि वर्कशॉप हुबळीला. 1956 च्या 1 नोव्हेंबरपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे जाणेयेणे, खरेदी, सोयरीक सगळे मुंबई-पुण्याकडे. दुसरी वाट लोंढ्यावरून कॅसलरॉकच्या घाटाने मुरगावला जाणारी. पोर्तुगीज अमलात, म्हणजे 1961 पर्यंत, गोव्यात परदेशी माल सहज मिळे. इकडे मात्र पन्नाशीच्या अखेरीस परकीय चलनाची टंचाई झाली आणि कॅमेऱ्यासारख्या चैनीच्या वस्तूंची आयात आवळली गेली. मग कॅमेरा यायचा तो बोटीवर नोकरीला असलेल्या मेहुण्याकडून, पुढे आखातात गेलेल्या पुतण्याकडून, नाहीतर मुंबईहून हळूच. पावती कुणाकडेच नाही!

सामान्य घरांत मात्र पहिला कॅमेरा आला तो आग्फा क्लिक-थ्री. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आपल्याकडेच बनवलेला, 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो देणारा. त्याची खिडकी म्हणजे दोन साध्या काचा. आत रेघ नाही, चौकट नाही, काही नाही. आपला डोळा थोडा वर-खाली सरकला की दिसणाऱ्या चित्राची कडही सरकते. डिप्लोमाला सर्व्हेइंगच्या तासाला डंपी लेव्हल लावताना आम्हांला पहिला धडा मिळाला होता तो हाच: डोळा हलवून पाहा, क्रॉसहेअर पट्टीवरून सरकली तर आधी आयपीस नीट करा, मगच रीडिंग घ्या. क्लिक-थ्रीत नीट करायला काही नव्हतेच. त्यामुळे त्याच्या फोटोंत कडेचा भरवसा नाही. माणूस अंदाजाने मध्यभागी धरायचा आणि देवाचे नाव घ्यायचे.

अंतर मोजणारा, म्हणजे रेंजफाइंडर कॅमेरा, ही पुढची पायरी. त्याचे तत्त्व सर्व्हेवाल्याला ओळखीचे वाटेल. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या, मध्ये काही सेंटीमीटरांचा पाया. दुसऱ्या खिडकीतून आलेले चित्र आरशाने वळवून पहिल्या चित्रावर टाकलेले असते. लेन्सचे कडे फिरवले की ते दुसरे चित्र आडवे सरकते आणि दोन्ही एकावर एक बसली की अंतर बरोबर. थोडक्यात त्रिकोण सोडवणेच, फक्त गणित आरसा करतो. लेन्सशी जोडलेला असा रेंजफाइंडर कोडॅकने 1916 मध्येच एका कॅमेऱ्यात बसवला होता. 1932 च्या लायका-टू मध्ये मात्र फोकससाठी एक भोक आणि चौकटीसाठी दुसरे, म्हणजे डोळा इकडून तिकडे न्यावा लागे. 1936 च्या काँटॅक्स-टू ने दोन्ही एकाच खिडकीत आणले. 1954 च्या लायका एम-थ्री मध्ये चकाकत्या रेषांची चौकट आली, आणि फोकसबरोबर ती आपोआप सरकूही लागली. हे सगळे श्रीमंतांचे कॅमेरे. जपानी कंपन्यांनी तीच सोय न बदलता येणाऱ्या एकाच लेन्सच्या, परवडणाऱ्या कॅमेऱ्यात आणली आणि ती आपल्या घरांपर्यंत पोचली.

चौकट सरकायची गरज काय? खिडकी लेन्सच्या वर, बाजूला असते. दोघींच्या नजरेत चार-पाच सेंटीमीटरांचा फरक. लांबच्या डोंगराला त्याने काही होत नाही, पण एक मीटरवरच्या माणसाला होते. 45 मि.मी. लेन्सच्या फिल्मवर तिथे उभ्यात जेमतेम अर्धा मीटर मावतो, त्यातले चार-पाच सेंटीमीटर वरून गेले की शेंडी गेलीच. खिडकी पाहते वरचे, लेन्स पाहते खालचे. काकांनी डोके चौकटीत नीट बसवले होते, हे आम्ही शपथेवर सांगायला तयार आहोत.

आता टेबलावरचे कॅमेरे. सर्वांत जुना कोडॅक रेटिना टू-ए, 1951 चा, जर्मन, मिटून कोटाच्या खिशात जाणारा. घडण अशी की आजही झाकण बंद होताना आवाज ऐकत राहावे. पण खिडकी म्हणजे दाराच्या फटीतून पाहणे. चष्मा असेल तर कड दिसतच नाही, आणि सरकणारी चौकट वगैरे काही नाही. आमच्यातल्या दोघांनी तो पाहिला आणि मुकाट्याने खाली ठेवला.

त्याच्यानंतर यशिका इलेक्ट्रो 35 डोळ्याला लावला की खोलीतून गच्चीवर आल्यासारखे वाटते. ही मालिका 1966 ची, आमच्याकडे आलेले मॉडेल जीएसएन, 1973 चे. मोठी खिडकी, मध्ये पिवळसर ठिपका, आणि लेन्स फिरवताना डोळ्यांदेखत तिरकी खाली सरकणारी चौकट. वर दोन बाण: उजेड कमी पडला तर पिवळा, जास्त झाला तर लाल, आणि बाण ज्या बाजूला त्या बाजूला कडे फिरवायचे. शटर किती वेगाने उघडणार हे मात्र तो सांगत नाही, ते त्याचे तो ठरवतो. ज्यांना फोटोग्राफी शिकायची नव्हती, फक्त बारशाचा फोटो हवा होता, त्यांच्यासाठी याहून चांगली खिडकी झाली नाही असे आमचे मत. बॅटरी गेली की मात्र बाणही गेले आणि शटर एकाच वेगावर, 1/500 वर, अडकले. ती पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही.

कॅनोनेट क्यूएल-17 जी-थ्री, 1972 चा, आकाराने लहान आणि खिडकीनेही थोडा लहान. चौकट याचीही सरकते. उजव्या कडेला छिद्रमापाचे आकडे आणि त्यावर हलणारी सुई. उजेड हाताबाहेर गेला तर ऑटोमध्ये तो बटण दाबूच देत नाही, आजोबांसारखा. पण बॅटरीवाचूनही हाताने चालतो, म्हणून आज कामाचा तोच. मिनोल्टा हाय-मॅटिक 7एस ची खिडकी ऐसपैस आहे, चौकट सरकते, पण कडेला आकडे दिसतात ते ईव्हीचे. तो एकच आकडा पाहून लेन्सवर जुळवायचा. कारकुनी डोक्याला हे पटते, घाईत पटत नाही. ऑलिंपस 35 आरसी हा 1970 चा, सर्वांत छोटा, आणि त्याच्या खिडकीत शटरचा वेग आणि छिद्रमाप दोन्ही दिसतात. शिकणाऱ्यासाठी उत्तम. पण त्याची चौकट जागची हलत नाही. जवळच्या फोटोसाठी आत नुसत्या खुणा केल्या आहेत, त्या लक्षात ठेवून नेम धरायचा.

हाय-मॅटिकवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. 20 फेब्रुवारी 1962 रोजी जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आला, तेव्हा त्याच्याजवळ फ्लोरिडातल्या एका औषधाच्या दुकानात घेतलेला आन्स्को ऑटोसेट होता. वेगळ्या नावाने विकलेला मिनोल्टाचा हाय-मॅटिकच तो. हेल्मेटमुळे डोळा खिडकीपर्यंत पोचेना, म्हणून तंत्रज्ञांनी कॅमेरा उलटा करून त्याला मूठ लावली आणि वेगळी खिडकी वर बसवून दिली. जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या आपल्या आजोबांची अडचण हेल्मेटवाल्याहून फार निराळी नव्हती. त्यांना वेगळी खिडकी कुणी बसवून दिली नाही, इतकेच.

या कॅमेऱ्यांचे खरे काम, आमच्या मते, आपल्या भागात झाले ते गाण्याच्या बैठकीत. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीला रात्रभर गाणे चाले. अशा मैफलीत उजेड बेताचा आणि शांतता पूर्ण. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्याचा खटका तिथे पाचव्या रांगेपर्यंत ऐकू जातो, शिवाय नेमक्या क्षणी खिडकीत अंधार होतो. स्थिर लेन्सच्या रेंजफाइंडरचे पानांचे शटर टिचकीएवढा आवाज करते आणि तान घेतानाचा चेहरा खिडकीतून क्षणभरही नाहीसा होत नाही. फोकसची एक युक्ती मात्र माहीत असावी लागे. ठिपक्यातले चित्र आडवे सरकते, त्यामुळे जुळवायला उभी रेघ लागते. शालीच्या आडव्या काठावर फोकस होणे कठीण. गवयाच्या मागे उभा धरलेला तानपुऱ्याचा दांडा यासाठी देवाने दिल्यासारखा. म्हणूनच की काय, अशा काही फोटोंत गवयाचे डोळे जरा मऊ आणि मागच्या शिष्याच्या हातातला तानपुरा खडखडीत स्पष्ट आलेला दिसतो.

आता त्या कडेच्या ऐवजाबद्दल. चकाकत्या रेषांची चौकट आपण खरी सीमा समजतो, पण ती खरी नसते. जवळच्या वस्तूवर फोकस करताना लेन्स पुढे येते आणि तिचा दृष्टिकोन आवळतो. 45 मि.मी. लेन्स 80 सेंटीमीटरवर आणली तर सुमारे सहा टक्क्यांनी. म्हणून कंपन्या चौकट बेतानेच, म्हणजे जवळच्या अंतराला पुरेल इतकी लहान आखत. कोनिकाने 1958 च्या थ्री-ए मध्ये सरकण्याबरोबर लहान-मोठी होणारी चौकट दिली होती, पण तो अपवाद. बाकी कॅमेऱ्यांत दहा-पंधरा फुटांवरून फोटो काढला की रेषेच्या चारी बाजूंनी काढणाऱ्याने न निवडलेले काहीतरी फिल्मवर उतरतेच.

आणि तेच आज आम्हांला सर्वांत मोलाचे वाटते. माणसांचे चेहरे काकांनी निवडले होते, ते जपलेही गेले. मागचा रस्ता कुणी निवडला नव्हता. बीआरटीएससाठी पी. बी. रोड रुंद झाला तेव्हा दोन्ही कडांची किती दर्शनी बांधकामे गेली हे आपण पाहिले आहे. त्यांचे मुद्दाम काढलेले फोटो आम्हांला फारसे मिळाले नाहीत. जे मिळाले ते असे, लग्नाच्या वरातीच्या कडेला, आजीच्या खांद्यामागे.

अडचण अशी की हे सारे निगेटिव्हवर असते, प्रिंटवर नसते. 35 मि.मी. फिल्मची चौकट 24 बाय 36, म्हणजे दोनास तीन. तिचा 8 बाय 10 चा मोठा फोटो केला की लांबीचा सहावा हिस्सा कापूनच टाकावा लागतो, आणि स्टुडिओवाला कापणार तो कडेचाच. घरोघर प्रिंट अल्बममध्ये जपले गेले आणि निगेटिव्हची पाकिटे दिवाळीच्या साफसफाईत गेली. एका घरून आलेल्या ग्रुप फोटोत अकरा माणसे आहेत आणि मागे नुसती भिंत. त्याची निगेटिव्ह योगायोगाने बिस्किटाच्या डब्यात मिळाली. ती कडेपर्यंत, भोकांसकट स्कॅन केल्यावर डावीकडे बोळाचे तोंड, एक सार्वजनिक नळ, घागरी घेऊन रांगेत उभ्या तीन बायका आणि अर्धी कानडी, अर्धी देवनागरी पाटी दिसली. पाटी अजून पूर्ण लागलेली नाही. नळ मात्र आमच्या दोन काकूंनी बघताक्षणी ओळखला, आणि तिथे पाणी किती वाजता यायचे यावरून त्यांचे अर्धा तास एकमत होईना.

आपल्या पावसाळी हवेत निगेटिव्हला बुरशी धरते आणि कॅमेऱ्याच्या आरशाचा मुलामा उडून पिवळा ठिपका फिका होतो. ठिपक्यावर तात्पुरता उपाय आहे: पुढच्या मोठ्या काचेच्या बरोबर मध्यभागी काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावावा, म्हणजे थेट चित्र तेवढ्यापुरते झाकले जाऊन दुसरे उठून दिसते. बुरशीला असा सोपा उपाय नाही, निगेटिव्ह कोरड्या जागी ठेवणे एवढेच हातात आहे. गणपतीच्या दहा दिवसांत मंडळाच्या खोलीत स्कॅनर असणार आहे. येताना पाकिटे जशी असतील तशीच आणावीत, पुसू किंवा कापू नयेत. घरात तेव्हा कोणता कॅमेरा होता हे आठवत असेल तर पाकिटावर तेही लिहावे, म्हणजे कोणत्या कडेला काय सापडेल याचा आम्हांला अंदाज येतो.