कलप आणि कर्करोग : एका अपूर्ण उत्तराचा इतिहास

१/ केसांना लावायचा कलप आणि स्तनाचा कर्करोग यांचा काही संबंध आहे का? या प्रश्नाला कुणी ठाम 'हो' म्हणते, कुणी ठाम 'नाही'. इतिहासाचे उत्तर अधिक सावध आहे. त्याची सुरुवात होते लंडनमध्ये, दगडी कोळशाच्या डांबरापासून.

२/ १८५६. अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन क्विनाइन बनवू पाहत होता. हाती आला जांभळा रंग! डांबरातील रसायनांपासून कृत्रिम रंग बनवण्याचे युग येथून सुरू झाले. पर्किनचे गुरू ऑगस्ट हॉफमन यांनी १८६३ मध्ये पॅरा-फेनिलीनडायअमाइन, म्हणजेच पीपीडी, या रसायनाचा रंगगुण नोंदवला.

३/ पीपीडीचे लहान रेणू केसात शिरतात आणि तेथे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने मोठे, रंगीत रेणू बनून अडकून बसतात. म्हणूनच हा रंग धुऊन जात नाही. १९०७ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ युजीन श्युलर यांनी असा कृत्रिम कलप बाजारात आणला. त्यांचीच कंपनी पुढे 'लोरेआल' झाली. आपल्याकडे 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पुड्यांचा काळेपणाही मेंदीच्या पानांचा नसून पीपीडीचाच असतो.

४/ १९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्युअर' हे पापण्या रंगवण्याचे उत्पादन विकले जात होते. त्यातील डांबरजन्य रंगाने काही स्त्रियांचे डोळे गेले, एकीचा जीवही गेला. तरीही सरकारला ते बाजारातून काढता येईना, कारण सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचा अधिकारच नव्हता.

५/ १९३८ च्या कायद्याने तो अधिकार दिला, पण एक पळवाट ठेवून. बाटलीवर इशारा आणि त्वचेवर आधी चाचणी घेण्याची सूचना छापली, की डांबरजन्य केशकलपाला मुभा! पापण्या व भुवयांच्या रंगाला मात्र ती मिळाली नाही. इशारा होता त्वचेच्या दाहाचा. कर्करोगाचा विचार अजून दूर होता.

६/ तो १९७५ मध्ये समोर आला. ब्रूस एम्स व सहकाऱ्यांनी १६९ कायमस्वरूपी कलप जिवाणूंवर तपासले. त्यांपैकी १५० कलपांनी जिवाणूंमध्ये उत्परिवर्तन घडवले. त्या दशकाच्या उत्तरार्धात कंपन्यांनी काही घटक बदलले. म्हणूनच जुन्या आणि नव्या कलपांचे निष्कर्ष एकाच तागडीत तोलता येत नाहीत.

७/ १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तनाच्या व्यवसायातील संपर्काला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. घरी कलप लावणाऱ्यांविषयी मात्र 'वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही' असा निर्णय दिला.

८/ पुढे अमेरिकेत 'सिस्टर स्टडी' झाला. ज्यांच्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता, पण स्वतःला नव्हता, अशा स्त्रियांचा हा अभ्यास. २०१९ मध्ये ४६,७०९ स्त्रियांवरील निष्कर्ष आला. कायमस्वरूपी कलप वापरणाऱ्यांत धोका ९ टक्के अधिक, केस सरळ करणारी रसायने वापरणाऱ्यांत १८ टक्के अधिक.

९/ येथे थांबून आकडा नीट वाचायला हवा. ९ टक्के अधिक म्हणजे शंभरातल्या नऊ जणींना कर्करोग, असे नव्हे. समजा, कलप न वापरणाऱ्या एका गटात १०० स्त्रियांना हा रोग झाला, तर तेवढ्याच मोठ्या, कलप वापरणाऱ्या गटात तो १०९ जणींना झाला. शिवाय संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे.

१०/ २०२० मध्ये १,१७,२०० अमेरिकन परिचारिकांच्या ३६ वर्षांच्या पाठपुराव्यात बहुतेक कर्करोगांचा धोका वाढलेला दिसला नाही. मात्र स्तनाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत थोडी वाढ दिसली.

११/ 'सिस्टर स्टडी'तील सर्वांत बोचणारा आकडा वेगळाच आहे. कायमस्वरूपी कलप वापरणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांत धोका ४५ टक्के अधिक, गोऱ्या स्त्रियांत ७ टक्के. केस सरळ करणारी रसायनेही कृष्णवर्णीय स्त्रियाच कितीतरी अधिक वापरत होत्या. त्यामागे निव्वळ हौस नव्हती. नैसर्गिक कुरळ्या केसांवरून नोकरीत आणि शाळेत होणारा भेदभाव बेकायदा ठरवणारे पहिले अमेरिकी राज्य कॅलिफोर्निया. साल तेच, २०१९!

१२/ म्हणून कलपाचा इतिहास केवळ रसायनांचा नाही. कोणाचे केस 'नीटनेटके' ठरतात आणि त्या नीटनेटकेपणाची किंमत कोण मोजते, याचाही तो इतिहास आहे. विज्ञानाचे उत्तर अजून पूर्ण व्हायचे आहे. तोवर भीतीही नको आणि बेफिकिरीही नको. बाटलीवरची बारीक अक्षरे मात्र जरूर वाचा. त्या अक्षरांसाठी काही स्त्रियांनी आपली दृष्टी मोजली आहे.