घोलवडचा चिकू आणि फ्रान्समधली बोडकी टेकडी

मैत्रिणींनो, चिकू आपल्या डोळ्यांना इतका सवयीचा झालाय की त्यालाही इतिहास आहे हे ध्यानातच येत नाही. बोईसर स्टेशनबाहेर हातगाडीवर चिकू, चिंचणी-वाणगावच्या रस्त्याने जाताना वाडीच्या कुंपणाआड चिकू, पाहुणा आला की ताटलीत चिकू. पण हे झाड मुळात आपलं नाही. ते मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या मुलखातलं. तिथली माणसं पूर्वापार या झाडाचा चीक काढून चघळायची, आणि पुढे त्याच चिकापासून च्युइंगम निघालं. स्पॅनिश लोकांनी हे झाड जहाजातून फिलिपिन्सला नेलं. तिथे आजही त्याला ‘चिको’ म्हणतात. भारतात ते आधी कुठे लागलं, तर फळशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर येतं, घोलवड, साल 1898. म्हणजे आपल्या डहाणू तालुक्यातलं, गुजरातच्या सीमेजवळचं, समुद्राकाठचं घोलवड.

वाड्या उभ्या केल्या त्या मुख्यतः पारशी आणि इराणी कुटुंबांनी. त्यांनी जमिनी घेतल्या, विहिरी खणल्या, कलमं लावली. खड्डे खणणारे, पाणी घालणारे हात मात्र बहुतेक आदिवासींचे होते. त्या काळी या साऱ्या पट्ट्यात जमीन सावकार-जमीनदारांकडे होती आणि वारली माणूस वेठबिगारीत अडकलेला होता. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेबरोबर वारली उभे राहिले, तेव्हा कुठे वेठ मोडली. हे चिकूच्या गोष्टीत कशाला, असं कुणी विचारेल. पुढे नावाचा विषय येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

घोलवडचा चिकू गोड का? तिथल्या मातीत चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, जास्त आहे आणि त्यामुळेच ही चव येते असं मानलं जातं. जोडीला समुद्राची दमट हवा. या झाडाला कडाक्याची थंडी सोसत नाही आणि ती आपल्याकडे पडत नाही. जात मुख्यतः कालीपत्ती. पानं गर्द, काळपट हिरवी, म्हणून ते नाव. कलम बांधायचं ते खिरणीच्या खुंटावर. म्हणजे वर परदेशी चिकू आणि खाली जमिनीत मूळ धरून उभी आपली देशी रानातली खिरणी. खिरणीचं नाव मात्र कुठे निघत नाही.

आता थोडं लांब जाऊ, फ्रान्सला. तिथे बर्गंडी नावाचा प्रांत आहे आणि त्यात मोंराशे नावाचा द्राक्षाचा एक मळा आहे. त्याच्या पांढऱ्या वाईनचं नाव जगभर आहे. वाईन म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील आणि त्या रास्तच आहेत. गावातली बाटली आडवी करायला आपल्या बायांनी किती मोर्चे काढले, किती मतदानं घेतली हे आपल्याला ठाऊक आहे. दारूची भलामण करायची नाही. आपल्याला बघायचीय ती त्या मळ्याची माती.

हा मळा सारा आठ हेक्टरचा, म्हणजे वीस एकरांचा. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या वाडीएवढा. नावाचा अर्थ बोडका डोंगर असा सांगतात. माती पातळ, खाली चुनखडीचा दगड, दुसरं पीक फारसं येणार नाही अशी जागा. इथेही चुनाच बघा. मळा उताराच्या मधोमध आहे, तोंड पूर्व-आग्नेयेला. सकाळपासून ऊन मिळतं आणि पावसाचं पाणी मुळाशी साचत नाही. शेकडो वर्षांपूर्वी या मुलखात ख्रिस्ती साधूंच्या मठांनी द्राक्षं लावली आणि कुठल्या तुकड्याचा रस कसा लागतो हे पिढ्यान्‌पिढ्या पारखलं. म्हणून आजही त्याच उतारावर थोडं वर गेलं, दगड वाढला, की मळ्याचं नाव वेगळं. थोडं खाली उतरलं, माती जड झाली, की पुन्हा वेगळं. मध्ये एखादी वाट, एखादी दगडी भिंत. द्राक्षाची जात तीच, शार्दोने, पण नाव आणि भाव निराळा.

मळ्याचे मालकही डझनावर. कुणाकडे तर पुरते दोन एकरही नाहीत. तरी बाटलीवर सगळे तेच नाव लावतात. मळा दोन गावांच्या शिवेवर आहे, प्युलिन्यी आणि शासान्य. 1879 साली दोन्ही गावांनी आपल्या नावापुढे मळ्याचं नाव जोडून घेतलं. म्हणजे मळ्याला गावाचं नाव मिळालं नाही, गावांनी मळ्याचं नाव घेतलं. 1937 साली सरकारने कायद्याने हद्द ठरवली, की या रेषेच्या आतल्या द्राक्षाच्या वाईनलाच हे नाव लावायचं, बाहेरच्याने लावलं तर गुन्हा.

आणखी एक गंमत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या द्राक्षांच्या मुळांना एक बारीक कीड लागली आणि मळेच्या मळे वाळले. ती आली होती अमेरिकेतून. तोडही तिथूनच आला. अमेरिकन वेलीच्या मुळांना ती कीड जुमानत नव्हती, म्हणून फ्रेंच द्राक्षाची कलमं अमेरिकन खुंटावर बांधली. आपल्या चिकूची आणि खिरणीचीच तऱ्हा. नाव वरच्याचं, पाय खालच्याचे.

आपल्याकडे असा कायदा झाला 1999 साली आणि लागू झाला 2003 मध्ये. त्याला भौगोलिक मानांकन म्हणतात. डहाणू घोलवड चिकूला ते 2016 साली मिळालं, महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावे. पुढे वाड्याच्या कोलमला आणि बहाडोलीच्या जांभळालाही मिळालं. जून 2021 मध्ये घोलवडचा चिकू इंग्लंडला रवाना झाला. तेव्हा पालघर जिल्ह्यात सुमारे 5000 हेक्टरवर चिकू असल्याचं सरकारने सांगितलं होतं. मोंराशेचे वीस एकर आणि आपले साडेबारा हजार एकर.

पण नावाला हद्द मिळाली म्हणून मातीला आणि हवेला राखण मिळते असं नाही. आपल्या भागाने त्यासाठी वेगळी लढाई केली. डहाणूला औष्णिक वीज प्रकल्प येऊ घातला तेव्हा नर्गिस इराणींसारखी वाडीवाली माणसं कोर्टात गेली. 20 जून 1991 ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. वीज प्रकल्प झालाच. पण 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने डहाणूसाठी खास प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा प्रकल्पाला बसली ती 2007 साली. एका चिमणीमागे किती वर्षं गेली ते मोजा. आपण बोईसर-तारापूरच्या बाया तर औद्योगिक वसाहतीच्या शेजारीच राहतो. हवा बिघडली म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आता वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली आहे. चिकूला आधीच बी पोखरणाऱ्या अळीने आणि अवेळी पावसाने जेरीस आणलंय. त्यात बंदराबरोबर येणारे रस्ते, गोदामं आणि जमिनीचे वाढते भाव. वाडी विकली की मानांकनाचा कागद उरतो आणि झाड जातं.

आता नावाची गोष्ट. वाडीत बांबूला जाळी बांधून फळ उतरवतात. नंतर ते पाण्यात घालून वरची भुकटी धुवायची, लहान-मोठं निवडायचं, भरायचं. ही कामं करायला बायाच जास्त असतात. चिकू पिकला की चार दिवस टिकत नाही, म्हणून कापून वाळवणं, पावडर करणं, लोणचं घालणं हेही आपले गटच करतात. सातबारा काढून पाहिला तर त्यावर आपलं नाव क्वचितच. म्हणून गटातल्या बायका म्हणतात, मानांकन वाडीवाल्यांचं, आपला काय संबंध?

इथे कायदा नीट वाचायला हवा. 1999 च्या कायद्यात शेतमालाच्या बाबतीत ‘उत्पादक’ म्हणजे फक्त पिकवणारा नाही. त्या मालावर प्रक्रिया करणारी आणि तो पॅक करणारी व्यक्तीही त्यात धरली आहे. असा उत्पादक चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून अर्ज करू शकतो. सातबारावर नाव नसलं म्हणून दार बंद होत नाही. नोंदणी न करता खोक्यावर मानांकनाचं चिन्ह छापलं तर मात्र अडचण येईल. मानांकनाची मुदत दहा वर्षांची असते आणि नंतर नूतनीकरण करावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

प्रत्येक मानांकनाच्या अर्जाला त्या भागाचा नकाशा जोडलेला असतो आणि तो कुणालाही पाहता येतो. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला आपण त्याची प्रत घेऊन बसू. आपलं गाव रेषेच्या आत आहे का आणि आपण पॅक करतो तो चिकू कुठल्या वाडीतून येतो, हे आधी पाहू. सीमेपलीकडे नवसारी-गणदेवीलाही कालीपत्ती भरपूर पिकते, तीही गोड असते. ती घोलवडच्या नावाने खोक्यात भरायची नाही. त्यासाठी कुठल्या वाडीतून किती किलो आला याची वही गटाने आजपासूनच घालावी. बचतीची वही घालता येते, तर हीही येईल.