अजिंठ्याच्या प्रतिकृती : कुंचल्याचे संशोधन

कलाध्यापकाचे संशोधन शब्दांतच व्हावे असे नाही. ते कुंचल्यानेही होते. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती सिद्ध केल्या. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे ठेवलेल्या त्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५च्या आगीत भस्मसात झाल्या. या परिश्रमांवर आधारित द्विखंडात्मक ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर दिलेल्या व्हार्निशने मात्र कालांतराने त्या चित्रांचीच हानी केली. जतनाच्या हातूनच क्षती घडावी, हा या उद्योगाचा दुःखद धडा होय. तरीही मूळ चित्रांचे जे अंश पुढे झडून गेले, त्यांची साक्ष आज उरलेल्या प्रतिकृतीच देतात.