झोपेतला श्वास आणि हवेचे यंत्र

श्रोतेहो, घोरणाऱ्या माणसाला आपण आजवर हसतच आलो. दिवसा पेंगणाऱ्याला कुंभकर्ण म्हणायचे आणि रात्री घोरणाऱ्याकडे बघून ‘काय गाढ झोप लागलीय’ म्हणायचे, ही आपली रीत. पण ती झोप गाढ नसतेच मुळी. हे वैद्यकाला कळायलाही फार उशीर लागला.

इंग्रज कादंबरीकार डिकन्स याची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ साली प्रसिद्ध झाली. तीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा काम करता करता झोपी जातो. वाचक हसले आणि विसरले. १९५६ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशाच एका रुग्णाची हकीकत लिहिताना त्या दुखण्याला पिकविकचेच नाव दिले. पुढे १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी अशा रुग्णांच्या झोपेतील श्वासाची नोंद घेतली आणि कोडे उलगडले. रुग्णाचा श्वास रात्रभर पुनःपुन्हा थांबत होता.

असे का व्हावे? झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा, ओल्या कापडाची नळी चिकटावी तसा मिटतो. श्वास अडतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला क्षणभर जागे करतो. रात्रभर हेच चालते. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. उरतो तो थकवा. रक्तदाब वाढतो, गाडी चालवताना डुलकी लागते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली निष्कर्ष छापले. शेकडा साडेसातांना दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार होता.

त्या काळी मोठा उपाय एकच, गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवणे. १९८० साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांच्यापुढे असा एक रुग्ण आला. गळा कापून घ्यायला तो तयार नव्हता. सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब सतत देऊन पाहिला. आतून हवेचा आधार मिळताच घसा मिटेना. रुग्ण शांत झोपला. पाच रुग्णांचा हा वृत्तांत १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. हेच आजचे सीपॅप यंत्र.

पण त्या पहिल्या रुग्णांचे हाल ऐका. नाकाच्या ठशावरून मुखवटा बनवायचा, तो रोज रात्री चिकटद्रव्याने चेहऱ्याला डकवायचा, आणि उशाशी घरघरणारी मोटार! पट्ट्यांचे मऊ मुखवटे आणि कमी आवाज करणारी यंत्रे नंतर आली. म्हणजे हवेचे गणित चटकन सुटले. माणसाला ती हवा सोसवावी कशी, हेच काम वर्षानुवर्षे चालले.

म्हणून पहिल्या आठवड्यांत कोणी कंटाळला तर त्यात लाज नाही. मीही कंटाळलो होतो. येथे मुलचेऱ्यात मच्छरदाणीत ती नळी घेऊन निजलो, जीव गुदमरला, आणि चौथ्या रात्री यंत्र कपाटात गेले. वर्गात शिकवताना डोळा लागला, तेव्हा ते पुन्हा काढले. या वेळी दिवसा जागेपणी, रेडिओ ऐकत, अर्धा अर्धा तास मुखवटा लावला. पट्टे आवळले नाहीत; आडवे होऊन बेताने बसवले. नाक कोरडे पडे, म्हणून यंत्राच्या पात्रात रोज स्वच्छ पाणी भरले, मुखवटा रोज धुतला. दाब डॉक्टरांनी ठरवला तोच ठेवला. वीज गेली तर मुखवटा सरळ काढायचा, हे घरात सर्वांना सांगून ठेवले.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी सौभाग्यवती म्हणाल्या, “रात्री तुमचा आवाजच नाही, मीच दोनदा उठून पाहिलं.”

श्रोतेहो, आपल्या घरात कोणी घोरता घोरता मध्येच गप्प होत असेल, मग दचकून श्वास घेत असेल, तर हसू नका. त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि यंत्र मिळाले असेल, तर ते पहिल्याच आठवड्यात कपाटात ठेवू देऊ नका.