धागा : कुंडलिकेकाठचे जालना आणि कडवंचीच्या द्राक्षबागा

द्राक्षबागांची सहल म्हटली की महाराष्ट्रात गाड्यांची तोंडे आपोआप नाशिककडे वळतात. गोदावरीचा घाट पाहावा, दुपारी एखाद्या वायनरीत बसावे, संध्याकाळी परतावे, असा तो ठरलेला कार्यक्रम. मात्र नदीकाठचे जुने शहर आणि त्याच्या हाकेच्या अंतरावर द्राक्षांचे मळे, अशी जोडी मराठवाड्यातही आहे. शहर जालना, नदी कुंडलिका आणि गाव कडवंची. छत्रपती संभाजीनगरहून स्वतः गाडी चालवत निघालेल्या प्रवाशाला जालना साठेक किलोमीटरवर लागते. एवढ्या अंतरात इतका इतिहास दडलेला आहे की या वाटेवर घाई करणाऱ्याचे नुकसानच होते.

आधी एक खुलासा. कडवंचीत मद्य चाखण्याची दालने नाहीत. इथली द्राक्षे खाण्याची आहेत. पाहण्यासारखे आहे ते वेगळेच : कोरडवाहू मुलखात वेल जगवायचा तर माणसाला काय काय करावे लागते, हे इथे उघड्यावर दिसते.

सुरुवात दौलताबादेपासून करणे योग्य, कारण या भागातील द्राक्षांची जुनी नोंद तिथली आहे. चौदाव्या शतकाच्या मध्यास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेत आला. मुहंमद तुघलकाने दिल्लीची माणसे जिथे आणून वसवली होती, तेच हे शहर. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. भूमध्य समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला हे नवल वाटणे साहजिक होते. त्याच्या देशात द्राक्षाचा वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपी जातो आणि वर्षातून एकदाच फळ देतो.

दख्खनच्या उबदार हवेत वेलाला ही झोप लागतच नाही. त्याला मोकळे सोडले तर तो नुसता वाढत राहतो. म्हणून आजचा बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तिने नवी काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते आणि त्या काडीवर घड लागतात. दोन छाटण्या आणि पीक एकच, असा आताचा हिशेब. इब्न बतूताने पाहिलेले दोन बहर आणि आजच्या दोन छाटण्या यांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे : न झोपणारा वेल.

दख्खनच्या जुन्या द्राक्षांची नावेही ऐकण्यासारखी आहेत. हबशी, साहेबी, फकडी, भोकरी. पुढे निजामाच्या हैदराबादेभोवती अनाब-ए-शाही नावारूपाला आली, आणि जालना त्याच राज्यात होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिनबियांच्या थॉमसन सीडलेसने आणि तिच्यातून शेतकऱ्यांनीच निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या वाणांनी जुन्या नावांना बाजारातून हद्दपार केले. हबशी द्राक्ष आज कोणाला दाखवून ओळखता येईल, अशी आशा न धरलेलीच बरी.

दौलताबाद मागे टाकून गाडी जालन्याच्या रस्त्याला लागली की वाटेत बदनापूर येते. बहुतेक जण तिथे चहापुरते थांबतात. २१ सप्टेंबर १८०३ रोजी याच बदनापुरात दोन इंग्रज सेनानी भेटले : आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि कर्नल स्टीव्हन्सन. स्टीव्हन्सनने त्याच महिन्याच्या आरंभी जालन्याचा किल्ला घेतला होता. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या एकत्र फौजेवर दोन वाटांनी चालून जायचे, असे बदनापुरात ठरले. वेलस्लीने पूर्वेची वाट धरली, स्टीव्हन्सनने पश्चिमेची.

दोनच दिवसांनी वेलस्ली अपेक्षेपेक्षा आधी शत्रूसमोर येऊन ठेपला आणि असईची लढाई झाली. असई आज जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत शिंद्यांची कवायती पलटणे उभी होती. केळणा ओलांडायला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. दोन गावे इतकी जवळ वसली आहेत तर त्यांच्या दरम्यान येण्याजाण्याची वाट असणारच, असे त्याने ताडले. आणि उतार खरोखरच सापडला. मोठमोठ्या लढाया कित्येकदा अशा साध्या गोष्टींवर फिरतात. नदीचा उतार गावकऱ्याला पायाखालचा असतो, परक्या सेनापतीला तो नजरेने शोधावा लागतो. वेलस्लीने लढाई जिंकली, तरी त्याची माणसे इतकी पडली की असईची आठवण त्याला जन्मभर पुरली.

आता जालना शहर. कुंडलिकेने त्याचे दोन भाग केले आहेत, जुना जालना आणि नवा जालना. नवागताने पत्ता विचारला की नदीच्या अलीकडे की पलीकडे, हे आधी ठरवावे लागते. स्थानिक परंपरा शहराचे मूळ थेट रामकथेला नेऊन भिडवते : सीता इथे राहिली म्हणून गावाचे नाव जनकपूर, आणि पुढे एका धनाढ्य मुसलमान विणकराच्या, म्हणजे जुलाह्याच्या, इच्छेवरून ते जालना झाले. कथेचा पहिला भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवावा. दुसऱ्यात मात्र जालन्याच्या स्वभावाची खूण आहे. राजाच्या किंवा देवाच्या ऐवजी विणकराचे नाव आठवणीत ठेवणारे गाव हे मुळात पेठेचे गाव असते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्याच समृद्धीची.

अकबराच्या काळात जालना त्याच्या एका सरदाराच्या जहागिरीत होते आणि अबुल फझलचा काही काळ इथे मुक्काम होता. नोव्हेंबर १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी ही मोगली पेठ लुटली. दिलेरखान विजापूरला भिडला असताना मोगलांच्या पिछाडीवर केलेला हा घाव होता. परतताना संगमनेरच्या बाजूला रणमस्तखानाच्या फौजेने वाट अडवली आणि सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाईकांनी आडवाटेने सैन्य सुखरूप काढून पट्टा किल्ल्यावर नेले, असे सभासदाची बखर सांगते. त्या किल्ल्याला विश्रामगड हे नाव या प्रसंगातून मिळाले. महाराजांची ही अखेरची मोठी मोहीम. ३ एप्रिल १६८० रोजी, म्हणजे पाच महिने पुरे होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

शहरात गाडी एका बाजूला लावून पायी फिरावे. मस्तगड १७२५ चा आहे. पहिल्या निजामाच्या, आसफजाहाच्या, आज्ञेने काबिलखानाने तो बांधला. किल्ल्यापेक्षा त्यातली विहीर अधिक बोलकी आहे. तिच्या पोटात सज्जे आणि खोल्या आहेत. उन्हाळ्यात पाण्याजवळ, गारव्यात बसण्याची ती सोय. जालन्यात फिरताना प्रत्येक जुनी वास्तू कुठे ना कुठे पाण्यापाशीच येऊन थांबते, हे एव्हाना लक्षात येऊ लागते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण मोती तलाव. त्याचे श्रेय जमशेदखान या अंमलदाराला दिले जाते. काळी मशीद, तिच्या जोडीचा हमाम आणि सराई हीदेखील त्याचीच बांधकामे. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरातील हौदांपर्यंत खेळवले होते. पुढे मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, नहरींचे जे जाळे विणले त्याच जातीची ही विद्या. शहराभोवतीच्या बागांना तिचा आधार होता. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात जालन्याच्या बागांची फळे मुंबईला आणि हैदराबादला जात असल्याची नोंद आढळते. त्याच गॅझेटियरांत जमशेदखानाची नळव्यवस्था नादुरुस्त झाल्याचेही लिहिलेले आहे. बागा नावाजल्या जात होत्या आणि त्यांच्या मुळाशी असलेली व्यवस्था त्याच वेळी मोडत होती. दोन्ही नोंदी एकत्र वाचल्याखेरीज पुढचे जालना समजत नाही.

१८२७ पासून १९०३ पर्यंत इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग आला, कापसाचा व्यापार वाढला. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि जालना बियाण्यांचे शहर म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार बारवाल्यांना मिळाला. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला.

मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. नळांचे, तलावांचे आणि बागांचे हे शहर टँकरची वाट पाहत बसले. जिल्ह्याची ओळख असलेल्या मोसंबीच्या बागा उभ्याच्या उभ्या वाळल्या. पंधरा-वीस वर्षे जोपासलेली झाडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने तोडली, सरपणाच्या भावाने विकली. मोसंबीचे झाड एकदा गेले की पुढच्या पावसाने ते परत येत नाही. नव्या रोपाला फळ धरायला पुन्हा काही वर्षे लागतात, आणि तोवरचे कर्ज मात्र थांबत नाही.

त्याच वर्षी कडवंचीच्या द्राक्षबागा हिरव्या होत्या. हे गाव जालन्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर, सिंदखेडराजाच्या बाजूला. पाऊस तोच, जमीनही हलकी आणि चढउताराची. फरक पडला तो १९९६ नंतरच्या कामाने. नाबार्डच्या माध्यमातून राबवलेला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र, ते चालवणारे मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांचे मार्गदर्शन, अशी ही मोट बांधली गेली.

काम माथ्यापासून पायथ्याकडे झाले. आधी टेकड्यांवर सलग समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यानाल्यांवरचे बांध. धावते पाणी आधी चालते करायचे, चालते पाणी थांबवायचे आणि थांबलेले जमिनीत मुरवायचे. क्रम उलटा केला, नुसताच ओढ्यावर बांध घातला, तर तो दोनचार पावसाळ्यांत गाळाने भरतो. कडवंचीने हा क्रम पाळला. यात सर्वांची जमीन येते, म्हणून सर्वांची संमती लागते, आणि खरा अवघड भाग तोच असावा.

विहिरींना पाणी टिकू लागल्यावर द्राक्षे पसरली. त्यांच्यामागोमाग शेततळी आली. आज गावाच्या शिवारात त्यांची संख्या पाचशेच्या घरात सांगितली जाते. फेब्रुवारीत गेलेल्या प्रवाशाला मांडवावर पसरलेले वेल, खाली लोंबणारे घड, ठिबकच्या नळ्या आणि मध्येच प्लॅस्टिक अंथरलेली चौकोनी तळी दिसतात. बागेत शिरण्याआधी मालकाला विचारावे. काढणीच्या दिवसांत घडाला नुसता हात लागला तरी त्यावरची लव पुसली जाते आणि भाव उतरतो.

या तळ्यांकडे कौतुकाने पाहावे, पण डोळे उघडे ठेवून. प्लॅस्टिकच्या तळ्यात पावसाचेच पाणी साठले तर ठीक. विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेले पाणी त्यात भरले तर जमिनीखालचा सामायिक साठा एकेकाच्या कुंपणात जातो, शिवाय उन्हाने उडतो तो वेगळाच. महाराष्ट्रातील शेततळ्यांवर अभ्यासकांनी हा आक्षेप वारंवार घेतला आहे. माथ्यावरचे चर सर्वांचे, पायथ्याचे तळे एकट्याचे. कडवंचीच्या शिवारात या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी आहेत. जमशेदखानाच्या हौदांवर कोणाचे कुलूप होते, हा प्रश्नही तिथे उभे राहिल्यावरच सुचतो.

समृद्धी महामार्गही या गावाच्या शिवारातून गेला आहे. त्यावरून वेगाने जाणाऱ्याला कडवंची क्षणभर हिरवी दिसते आणि सरते. गाव पाहायचे तर जुना सिंदखेडराजा रस्ताच धरावा. तो पुढे जिजाऊंच्या जन्मगावी पोहोचतो. लखुजी जाधवांचा वाडा पाहून झाल्यावर, अंधार पडायच्या आत, तिथल्या तलावावर जरूर जावे. त्याचेही नाव मोती तलाव आहे.