पाण्याचा वाटा माणशी

मागच्या महिन्यात आमच्या गटात मोटारीसाठी कर्ज घ्यायचा विषय निघाला. पाच जणी मिळून घेणार होत्या, त्यातल्या दोघी भूमिहीन. एक जण म्हणाली, "जिला जमीनच नाही, तिचा पाण्यात कसला वाटा?" सगळ्या गप्प झाल्या. म्हणून आज नायगावची हकिकत सांगते.

कुळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन दिली. १ एप्रिल १९५७ ला कितीतरी कुळं कागदोपत्री मालक झाली. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. पण सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून शेतात पाणी येत नाही. १९७२ च्या दुष्काळात छोटे मालकसुद्धा खडी फोडायला गेले.

माझी आजी तेव्हा पाझर तलावाच्या कामावर होती. डोक्यावर टोपल्यानं माती वाहायची आणि दुपारी सुकडी खायची. तलाव झाला. पाणी पाझरलं ते खालच्या विहिरींत, आणि विहीरवाल्यांचा ऊस उभा राहिला. आजीला तलाव कामी आला तो धुणं धुवायला!

त्याच दुष्काळात पुण्याचे इंजिनिअर विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. त्यांनी आणि कल्पनाताईंनी नायगावात देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडानं घेतली. बांध घातले, ओढ्याचं पाणी अडवलं, विहीर खणली. त्या माळावर धान्य पिकलं. मग गावोगावचे लोक विचारायला येऊ लागले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम ऐका. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर मोजायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. म्हणजे वीस एकरवाल्यालाही अडीचच. भूमिहीनालाही वाटा, त्यानं दुसऱ्याच्या जमिनीत वाट्यानं पिकवावं. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. हा नियम मला फार आवडतो, कारण फुकटच्या मोटारीची काळजी कुणी घेत नाही.

सगळं गोडच झालं असं नाही. वीजबिलं थकली, पंप बिघडले, काही योजना बंद पडल्या. आणि माणसं मोजताना बाई मोजली गेली, पण वाटा कुटुंबाचा. त्या पाण्यावर काय पेरायचं हे कितीजणींना विचारलं असेल?

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं की मोटारीत पाचही जणींचा सारखा हिस्सा, पाणी पाळीनं, आणि पाळीची वही त्या दोघींपैकी एकीकडे राहील. वीजजोडणी कुणाच्या नावावर घ्यायची, ते मात्र अजून ठरलेलं नाही.